बारगिराची बाकी

बंगालमध्ये रडणाऱ्या मुलाला निजविताना आई ज्यांचे भय घालीत असे, ते ‘बर्गी’ म्हणजे नागपूरकर भोसल्यांच्या फौजेतले बारगीर. ते अंगाईगीत बंगाली घरांतून अजून पुसले गेलेले नाही. वस्तुतः बारगीर हा अगदी रुक्ष, हिशेबी शब्द आहे. ज्या स्वाराजवळ स्वतःचा घोडा नाही, ज्याला सरकारी पागेतून किंवा सरदाराकडून घोडा मिळतो आणि त्यावर बसून जो ठरीव वेतनावर चाकरी करतो, तो बारगीर; घोडा ज्याचा स्वतःचा, तो शिलेदार. म्हणजे घोडदळाच्या उतरंडीतला हा तळचा माणूस. मोडीतल्या पगारपत्रकात त्याच्या वाट्याला जेमतेम एक ओळ येते. त्याच माणसाच्या धास्तीने १७४२ नंतर कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला आणि त्या खंदकाला ‘मराठा डिच’ हे नाव पडले.

पगारपत्रकातला हा गरीब चाकर शेकडो मैलांवरच्या आयांना राक्षस का वाटला, हा प्रश्न आपली शालेय पुस्तके विचारीत नाहीत. भोसल्यांनी बंगालपर्यंत मजल मारली, एवढे एक अभिमानाचे वाक्य लिहून ती पुढच्या धड्याकडे वळतात. उत्तर शोधावयाचे तर ते बखरीत सापडत नाही. बखरकाराला लढाई हवी असते, शौर्य हवे असते, फार तर एखादी फितुरी हवी असते. उत्तर आहे ते त्या काळच्या कारकुनांनी बोरूने ओढलेल्या याद्यांत, हजिऱ्यांत, हिशेबांत आणि कुरकुरीच्या पत्रांत.

भंडारा-तुमसर रस्त्यावरच्या आमच्या मोहाडीला लोक ओळखतात ते चौंडेश्वरीच्या देवळामुळे आणि कोष्ट्यांच्या मागांमुळे. मोठ्या लढाईसाठी मोहाडीचे नाव कोणी घेत नाही. परंतु अठराव्या शतकात वैनगंगेचे हे खोरे नागपूरच्या राज्याचे पूर्वेकडचे अंगण होते. देवगडच्या गोंड राज्याचा कारभार १७४३ च्या सुमारास पहिल्या रघूजींच्या हाती गेला. त्यापूर्वीच, १७४१ मध्ये, त्यांच्या भास्करराम कोल्हटकरांनी छत्तीसगडातले रतनपूर घेतले होते. पुढे १७५१ च्या तहाने ओडिशा भोसल्यांकडे आला आणि कटकचा सुभा १८०३ पर्यंत नागपूरच्या ताब्यात राहिला. नागपुराहून पूर्वेकडे जाणाऱ्या फौजेला वैनगंगा ओलांडावीच लागे. अंबागड, भंडारा, पवनी, प्रतापगड, लांजी ही नावे आज आपण सहलीची स्थळे म्हणून घेतो. तेव्हा ती ठाणी होती, आणि ठाणे म्हटले की शिबंदी आली, शिबंदी आली की तिच्या पोटाचा प्रश्न आला. हा मुलूख धानाचा आणि तलावांचा. फौजेची नजर अशा मुलखावर आधी धान्यासाठी पडते.

त्या काळचा लष्करी कागद कसा असतो, हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. हातकागदाचे लांबट बंद, वर ‘श्री’, आणि खाली बोरू फारसा न उचलता एका दमात लिहीत गेलेली मोडीची ओळ. शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत नाही. तारीख अरबी महिन्यातली, वर्षही बहुधा शुहूर सनाचे, आकडाही पुष्कळदा अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिलेला. अशा कागदांचे गठ्ठे कापडात बांधीत, त्याला रुमाल म्हणत. रुमाल सोडला की प्रथम हाती काय लागते? कोणाकडे किती स्वार, त्यांतले किती हजर, किती गैरहजर. घोड्यांची वर्णने: कुमाईत, अबलख, पंचकल्याणी. ही वर्णने काव्यासाठी केलेली नाहीत. गिनतीच्या वेळी चांगले घोडे दाखवावयाचे आणि पुढे त्यांच्या जागी तट्टे आणावयाची, ही लबाडी थांबविण्यासाठी रंग आणि खुणा लिहून ठेवाव्या लागत. मग नालबंदी, म्हणजे मोहिमेपूर्वी स्वारांच्या तयारीसाठी दिलेली आगाऊ रक्कम. मग रोजमुरा, म्हणजे मोहीम चालू असताना पोटापुरते दिलेले पैसे. मग वैरण, कही, बुणगे. आणि शेवटी, जवळजवळ न चुकता, ‘बाकी’.

ही बाकी म्हणजे त्या सैन्याच्या आयुष्याचा कणा होय. आमच्यापैकी ज्या शिक्षकांनी आणि कारकुनांनी महागाई भत्त्याच्या फरकाची वाट वर्षानुवर्षे पाहिली आहे, त्यांना ती निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र आपल्या आणि बारगिराच्या बाकीत एक भेद आहे. आपण वाट पाहताना शाळेत नाहीतर कचेरीत बसतो. बारगीर वाट पाही तो हातात भाला घेऊन, परमुलखात, उपाशी घोड्यासह. पगार थकला की फौज सरदाराच्या तंबूपुढे धरणे धरी, त्याचे अन्नपाणी अडवी. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्यात शनिवारवाड्यात शिरलेले गारदी थकलेल्या पगाराचाच गलका करीत होते. नारायणराव पेशव्यांचा खून त्या गलक्याच्या आडून झाला. खुनामागचे कारस्थान निराळे होते हे खरे, पण कारस्थानाला आड मिळाली ती बाकीची.

रोख पैसा नसला म्हणजे सरकार वरात देई. वरात म्हटली की आज आपल्या डोळ्यांपुढे बँड आणि नवरदेव येतो. त्या काळच्या दप्तरात वरात म्हणजे एखाद्या परगण्याच्या किंवा गावाच्या वसुलावर दिलेली चिठ्ठी: अमक्याचे एवढे देणे आहे, ते तमक्या मुलखातून घ्यावे. ती चिठ्ठी घेऊन स्वार गावात येत आणि पैसे हाती पडेपर्यंत त्यांचा मुक्काम, दाणा आणि वैरण गावाच्याच माथी बसे. नागपूर दरबाराने न दिलेला पगार अशा रीतीने कुठल्यातरी पाटलाच्या ओसरीवर येऊन बसत असे. लढाई गावापासून शंभर कोस दूर झाली तरी तिची पावती गावात फाटत होती.

फौजेचे पोट आणि रयतेचे पोट यांचा हा संबंध राज्यकर्त्यांना समजत नव्हता असे नाही. शिवाजी महाराजांच्या काळातले चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना गेलेले पत्र शिक्षकवर्गाला पाठच असते. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा-वैरण आधीच उधळली तर पुढे घोडी मरतील, मग लोक गावांतून धान्य, गवत, भाजी उचलू लागतील आणि रयतेला मोगल बरे वाटू लागतील, हे त्यात स्वच्छ शब्दांत बजावले आहे. रात्री दिवा जळत ठेवला तर उंदीर वात नेईल आणि गंजीला आग लागेल, इथपर्यंत त्याचा तपशील जातो. ते पत्र आपण महाराजांच्या प्रजावत्सलतेचा पुरावा म्हणून वाचतो, आणि तो तसा आहेही. पण ते एका जाणत्या सेनापतीचे गणितही आहे: वैरण संपली की शिस्त संपते. नंतरच्या शतकात हे गणित ठाऊक असूनही ते सोडविण्यास पैसा नव्हता, किंवा असला तरी तो फौजेपर्यंत पोहोचत नव्हता.

आता बंगालकडे पाहू. १७४२ च्या उन्हाळ्यात भास्करराम बरद्वानच्या बाजूस उतरले. त्यांचे मुख्य काम मोठी लढाई जिंकण्याचे नव्हतेच. चौथ वसूल करण्याचे होते. चौथाईतूनच फौजेचे देणे भागावयाचे होते. नवाब अलीवर्दीखान चौथ देईना, तेव्हा फौजेने ती प्रदेशातूनच काढण्यास आरंभ केला. त्याच वर्षी काटव्याजवळ भास्कररामांनी मोठ्या थाटाने दुर्गापूजा मांडली आणि ऐन पूजेच्या दिवसांत नवाबाच्या फौजेने नदी ओलांडून छावणीवर छापा घातला. पुढे १७४४ मध्ये मनकरा येथे तहाच्या बोलण्यास म्हणून तंबूत बोलावून भास्करराम व त्यांच्या सरदारांची कत्तल करण्यात आली. एवढा भाग आपल्याकडील पुस्तकांत येतो, आणि दगा नवाबाने केल्यामुळे तो सांगावयास सोयीचाही आहे.

सोयीचा नाही तो भाग गंगाराम नावाच्या बंगाली कवीने लिहून ठेवला आहे. त्याच्या काव्याचे नाव ‘महाराष्ट्र पुराण’, आणि त्याच्या हस्तलिखितावरचे साल १७५१ च्या बरोबरीचे. म्हणजे ज्या वर्षी अलीवर्दीने ओडिशाचा वसूल आणि बंगालची सालिना बारा लाखांची चौथ कबूल करून तह केला, त्याच वर्षाचा हा कागद. नाव वाचून आपल्या गौरवाचा ग्रंथ असेल असे वाटते. आत आहे ती पळणाऱ्या गावांची कहाणी. पोथ्या पाठीशी मारून निघालेले पंडित, तराजू घेतलेले सोनार, जाळे घेतलेले कोळी, वाट न सुचणाऱ्या गर्भार बायका. स्वार येतात, वेढतात, पैसे मागतात. पैसे नसले तर हाल करतात, बायकांवर अत्याचार करतात, घरे जाळतात. १९६५ साली या काव्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. मराठी वाचकाने ते वाचताना मान खाली जाते, आणि जावी.

पण नुसती मान खाली घालून हा प्रश्न सुटत नाही. गंगारामाच्या काव्यात स्वार ज्या एका गोष्टीचा सतत धोशा लावतात ती म्हणजे पैसा. हा धोशा आणि मोडी हिशेबातली ‘बाकी’ या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत, असे माझे मत आहे. बारगिराला घोडा दुसऱ्याचा, पगार थकलेला, घर दूर. त्याच्यापुढे दोनच मार्ग राहत: सरदाराच्या दारात धरणे किंवा रयतेच्या दारात लूट. सरदाराला पहिल्यापेक्षा दुसरा परवडणारा होता. याने क्रौर्य क्षम्य ठरत नाही. सोनार आपला तराजू घेऊन का पळाला, हे मात्र त्याने कळते; नुसत्या ‘मराठे क्रूर होते’ किंवा ‘मराठे शूर होते’ या दोन वाक्यांनी ते कधीच कळले नसते.

पुढच्या पिढीतला एक प्रसंग हेच अधिक स्पष्ट करतो. इंग्रजांविरुद्ध नाना फडणीस, हैदर, निजाम आणि भोसले अशी चौकडी जुळली, तेव्हा बंगालवर चालून जाण्याचे काम नागपूरकडे आले. मुधोजींचे चिरंजीव खंडोजी ऊर्फ चिमणाबापू मोठे घोडदळ घेऊन १७७९ च्या अखेरीस निघाले. कूच मुद्दामच संथ ठेवली होती, कारण मुधोजींचे वॉरन हेस्टिंग्जशी आतून सूत होते. फौज कटकला पोहोचली, तिथे पगार थकला, आणि हेस्टिंग्जने नेमके तेच दुखणे हेरले. १७८१ साली त्याने पैसे दिले. फौज माघारी वळली. कर्नल पीअर्सची पलटणे ओडिशातून मद्रासकडे सुखरूप निघून गेली. नागपूरने नानांचा विश्वासघात केला, असे म्हणून इतिहासकार मोकळे होतात, आणि मुधोजींच्या बाबतीत ते खोटे नाही. परंतु कटकच्या वाळूत बसलेल्या हजारो स्वारांच्या दृष्टीने पाहिले तर जो पैसा स्वामीने द्यावयाचा तो शत्रूने दिला, एवढाच त्याचा अर्थ होता.

दुसऱ्या रघूजींच्या वैभवाच्या दिवसांत राज्याची फौज अठरा हजार घोडदळ आणि पंचवीस हजार पायदळ, त्यांत अकरा हजार कवायती, शिवाय चार हजार अरब आणि नव्वदेक तोफा इतकी असल्याचा अंदाज इंग्रजी गॅझेटियरांत मिळतो. तेथेच आणखी एक गोष्ट नोंदलेली आहे: ही फौज बहुतांशी राज्याबाहेरून भरती केलेली होती. घोडदळ पुण्याकडचे, पायदळात अरब आणि उत्तरेकडचे लोक. मोहाडीच्या शेतकऱ्याचा या फौजेशी संबंध मुख्यतः तिला पोसण्यापुरताच. आडगाव आणि गाविलगडच्या पराभवानंतर डिसेंबर १८०३ मध्ये देवगावचा तह झाला. कटक गेले, वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला, वसूल आटला. त्यानंतरच्या रघूजींना ‘मोठा बनिया’ हे नाव पडले होते असे इंग्रज लिहितात. लिहिणारे इंग्रज होते, ज्यांनी तो वसूल हिरावला तेच होते, हे विसरू नये. पण ज्याला लुटीचीच मुभा हा पगार, असा पेंढारी याच काळात या मुलखात माजला. गावोगाव मातीच्या गढ्या होत्या त्या त्याच्याच भयाने; पेंढारी आले की माणसांनी आत शिरावे आणि बाहेरच्या पिकावर, घरावर पाणी सोडावे. विदर्भात अशा गढ्यांचे ढिगारे अजून दिसतात. बंगालमध्ये १७४२ साली जे घडले त्याची फिरती पावती साठ-सत्तर वर्षांनी वैनगंगेच्या खोऱ्याला मिळाली.

सरहद्दीवरचा सैनिक आणि त्याची बाकी ही काही आपलीच कहाणी नव्हे. नागपूरचे स्वार बंगालमधून परतल्यानंतर चारच वर्षांनी, १७५५ मध्ये, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया वसाहतीच्या सरहद्दीवर तेवीस वर्षांचा एक कर्नल रखवालीला नेमला गेला. त्याचे नाव जॉर्ज वॉशिंग्टन. त्याची त्या तीन-चार वर्षांतली हस्तलिखित पत्रे आणि हुकूम जपून ठेवलेले आहेत, आणि ती वाचताना वरचे सन झाकले तर पेशवे दप्तरातलाच एखादा रुमाल सोडल्यासारखे वाटते: शिपायांच्या अंगावर कपडे नाहीत, पगार वेळेवर नाही, लोक पळून जातात, गावकरी धान्य-गाड्या देत नाहीत. पळपुट्यांना जरब बसावी म्हणून १७५७ साली त्याने जवळजवळ चाळीस फूट उंचीचा फाशीचा खांब उभारला आणि दोघांना लटकविले. पुढे राष्ट्रपिता झालेल्या माणसाचे हे कागद त्या देशाने झाकून ठेवले नाहीत.

इंग्लंडच्या उत्तर सीमेवर विंडोलांडा येथे १९७३ सालापासून चिखलातून निघालेल्या पातळ लाकडी पट्ट्या तर एकोणीसशे वर्षांच्या जुन्या. त्यांतल्या एका हजिरीत रोमन पलटणीतले एकूण शिपाई ७५२, पैकी ठाण्यात हजर अवघे २९६, आणि त्यांतले ३१ आजारी, जखमी किंवा डोळे आलेले. एका पट्टीवर घरून पाठविलेल्या मोज्यांची आणि आतल्या कपड्यांची यादी आहे. मोज्यांची यादी जपण्यात काय अर्थ, असे तेथे कोणी म्हटले नाही.

हे सर्व कागद वाचताना एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. बारगिराने यातले काहीच स्वतःच्या हाताने लिहिलेले नाही. त्याच्याविषयी कारकून लिहितो, शत्रूचा कवी लिहितो, रेसिडेंटचा साहेब लिहितो. कारकून त्याला ओळ देतो, कवी त्याला राक्षस करतो, साहेब त्याला भाडोत्री म्हणतो. ज्यांच्या भूमीवर ही सरहद्द सरकत गेली त्या गोंडांचा आवाज तर या लिखाणात आणखी क्षीण. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची गत याहून निराळी नाही. तरीही या तिघांत कारकुनाचे ऐकावे असे मला वाटते, कारण त्याला कोणाला रडवावयाचे नव्हते आणि कोणाला हरवावयाचेही नव्हते. त्याला बेरीज जुळवावयाची होती.

बेरीज जुळविणाऱ्या त्या कागदांचे आपण काय केले? १८९८ साली राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो पानिपतच्या काळातल्या पत्रांचा. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ उभा केला. सरदेसायांनी १९३० नंतर पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग छापले. नागपूरच्या बाबतीत मात्र आपल्याला पुण्याच्या खिडकीतूनच अधिक पाहावे लागते. शेजवलकरांनी ‘नागपूर अफेअर्स’ या नावाने १९५४ आणि १९५९ मध्ये दोन खंड संपादिले, ते नाना फडणिसांच्या मेणवली दप्तरातून. म्हणजे नागपुरात काय चालले आहे हे पुण्याला कळविणाऱ्यांची ती पत्रे. नागपूरच्या महालातला भोसल्यांचा जुना वाडा १८६४ साली आगीत गेला. खाली परगण्यांत, गावांत जे कागद होते ते पाटील-देशमुखांच्या आणि पुढे मालगुजारांच्या घरी राहिले. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि त्या कागदांचे काम संपले. सात-बारावर ज्याचा उपयोग नाही तो कागद घरात कशाला, असा विचार साहजिकच झाला. काही वाळवीने खाल्ले, काही वाटण्यांत फाटले, काही रद्दीत गेले. उरलेले वाचता येणारी पिढी त्याच सुमारास संपत आली, कारण मोडी शाळेतून गेली होती.

मोडी ही काही ब्राह्मी नव्हे. ज्याला मराठी येते त्याला तिची अक्षरे दहा-पंधरा दिवसांत ओळखता येतात. पुढे सराव हवा तो हातांच्या वळणांचा, कारण प्रत्येक कारकुनाचे वळण निराळे. राज्याच्या पुरालेख विभागातर्फे मोडीचे वर्ग भरतात, त्याची शाखा नागपुरात आहे, आणि विदर्भ संशोधन मंडळही नागपुरातच १९३४ पासून आहे. भंडाऱ्याहून नागपूर दीड-दोन तासांवर. एखाद्या शाळेतले दोन शिक्षक आणि कचेरीतला एक कारकून एवढे मनुष्यबळ एका तालुक्याला पुरेसे आहे.

तोपर्यंत ज्यांच्या घरी पेटीच्या तळाशी असा गठ्ठा असेल त्यांनी काही साध्या गोष्टी पाळाव्यात. फाटक्या कागदावर चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. दोहोंनीही कागद कायमचा जातो. उन्हात वाळवू नये. घडीवर घडी दाबू नये. ज्या क्रमाने कागद बांधलेले असतील तो क्रम मोडू नये, कारण तारीख फाटली असेल तर शेजारचा कागदच ती सांगतो. मोबाइलवर दोन्ही बाजूंची स्वच्छ छायाचित्रे घ्यावीत. पाठीमागचा कोरा भाग बहुधा कोरा नसतो, तिथे पोहोचल्याचा शेरा असतो. आणि मोडी वाचणारा कोणी भेटलाच, तर वरचे मायने आणि सरदारांची नावे मागाहून लागतील. ‘बाकी’ या शब्दापुढे जो आकडा असेल तो आधी वाचून घ्यावा.